तक्रारींची संख्या शून्य

रेडिओ केंद्रात तिला सगळे फोनताई म्हणत. थेट कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन घ्यायचे, कोण काय विचारणार ते दोन ओळींत निवेदकाच्या पडद्यावर टाइप करायचं आणि योग्य माणसाची लाइन आत सोडायची, हे तिचं काम. काचेपलीकडे निवेदक आणि त्या दिवशीच्या पाहुण्या, मजूर खात्याच्या संचालक बाई, बसल्या होत्या.

विषय होता परदेशातून कामाला आलेल्या लोकांचे हक्क. शेजारच्या देशाशी नवा करार व्हायचा होता. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेतला तर शिक्षा व्हावी, असं कलम त्यात हवं, ही त्या देशाची मागणी. सकाळी अकराला असला विषय कोण ऐकतंय? चार फोन आले तरी डोक्यावरून पाणी, असं फोनताईला वाटलं होतं.

संचालक बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या कलमाची गरजच नाही. गेल्या पाच वर्षांत अशा तक्रारींची संख्या शून्य आहे."

हे वाक्य प्रसारित झालं मात्र, आठही लाइनींचे दिवे लुकलुकायला लागले.

पहिला फोन बेकरीतल्या माणसाचा, दुसरा घरकाम करणाऱ्या बाईचा, तिसरा ट्रक धुणाऱ्याचा. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, पासपोर्ट मालकाकडे आहे. एक लाइन आत सोडली की तिच्या जागी दुसरी पेटायची. फोनताईची बोटं की-बोर्डवर धावत होती. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. निवेदकाने भुवया उंचावून काचेतून विचारलं, किती? तिने दोन्ही पंजे दाखवले. मग पुन्हा दाखवले.

सहाव्या लाइनवर दबका आवाज आला. "वहिनी, तुम्हीच ना?"

तिने आवाज लगेच ओळखला. तिच्या सासऱ्यांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. तिथे कापड बेतणारे कटर मास्तर तीन वर्षांपूर्वी त्याच शेजारच्या देशातून आले होते.

"मास्तर, तुम्ही कुठून बोलताय?"

"मागच्या गोदामातून. वहिनी, माझाही पासपोर्ट मालकांकडे, तुमच्या मामांकडे आहे. इस्त्रीवाल्याचाही. दोनदा मागितला. म्हणाले, गणवेशांची घाई संपू दे. माझी मुलगी अडीच वर्षांची झाली, मी तिला अजून पाहिलं नाही. मी कारखान्याचं नाव घेणार नाही. आणि तुम्ही नको म्हणालात तर आत्ता फोन ठेवतो."

तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. सासरे सकाळपासून कारखान्यात रेडिओ लावून बसतात, सून तिथे कामाला आहे म्हणून कौतुकाने सगळ्यांना ऐकवतात, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. मास्तरांचा आवाज त्यांना कळणारच. लाइन तोडायला एक बटण पुरे होतं. बाकीचे सात दिवे लुकलुकतच होते, कोणी विचारलंही नसतं.

"नको कशाला म्हणू? बोला तुम्ही, घाबरू नका." तिने टाइप केलं, 'शिंपीकाम करणारे, तीन वर्षं.' आणि लाइन आत सोडली.

मास्तर सुरुवातीला अडखळले. मग म्हणाले, "बाई, मी तक्रार करायला तुमच्या कचेरीत गेलो होतो. खिडकीवर सांगितलं, अर्जाला मूळ पासपोर्ट जोडा."

निवेदकाने सावकाश विचारलं, "म्हणजे पासपोर्ट मिळत नाही ही तक्रार करायला पासपोर्ट लागतो?"

"हो. म्हणून शून्य."

दारापाशी उभा असलेला तंत्रज्ञ खो खो हसला आणि लगेच ओशाळला. संचालक बाईंनी समोरचे कागद उलटेपालटे केले. त्यांचे कान लाल झाले होते. पण बाई सरळ होत्या.

"हे मला माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पासपोर्टशिवाय अर्ज घेऊ. दहा वाजता खिडकीवर मी स्वतः बसेन. आणि ते कलम मसुद्यात घालावं, असं मी आजच लिहून देते."

"बाई, हे थेट जातंय," निवेदक म्हणाला.

"म्हणूनच बोलले."

फोनताईला उठून नाचावंसं वाटलं. पण दिवे थांबत नव्हते. कार्यक्रम अर्धा तास वाढवावा लागला.

कार्यक्रम संपवून ती कारखान्यात पोचली तेव्हा सगळी शिलाई यंत्रं बंद होती. सासरे कापड बेतायच्या टेबलाशी उभे होते, मास्तर समोर, मान खाली.

"लाइन तू दिलीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो, मामा."

"घरचं माणूस म्हणून फोन ठेवता आला असता."

"आला असता. पण मग उरलेल्यांना कुठल्या तोंडाने लाइन दिली असती?"

"मी काय विकून खाल्ले का ते? हरवू नयेत म्हणून ठेवले."

"आणि त्यांनी मागितला तेव्हा?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. मग कपाट उघडून दोन पासपोर्ट बाहेर काढले. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून अगदी जपून ठेवलेले. "घ्या. बघून घ्या," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले.

मास्तरांनी पहिलं पान उघडलं. "तेव्हा केस होते मला," ते म्हणाले. इस्त्रीवाल्याला हसू फुटलं आणि मग सगळा कारखाना हसला. सासरे तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीपुढची रांग कोपऱ्यावरून वळून पार बसथांब्यापर्यंत गेली. संचालक बाई बसल्या होत्या, जेवणाची सुट्टीसुद्धा न घेता. मास्तर आठवड्याभरात आपल्या देशी, घरी गेले. सासऱ्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. "तिला सांग, चहा दे," असं सासूबाईंमार्फत चालायचं, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. सासरे स्वतः कापड बेतायला उभे राहिले, पाठ धरून, दोन गणवेश वाया घालवत.

तीन महिन्यांनी त्या कलमासह करारावर सह्या झाल्या. त्या दुपारी मास्तरांनी फोटो पाठवला. मुलगी त्यांच्या खांद्यावर बसून त्यांचे उरलेले केस ओढत होती. खाली लिहिलं होतं, "परत येतोय. पगाराचं बोलायचं आहे."

फोनताईने तो सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"बोलू म्हणावं," ते म्हणाले. तीन महिन्यांत सुनेशी थेट बोललेले हे पहिले शब्द. "आणि ते कलम काय आहे, ते जरा मोठ्याने वाच बघू."

ती वाचायला लागली.