बॉलला हात लावायचा नाही

माझी उंची सहा फूट आठ इंच. यात माझं कर्तृत्व शून्य, पण लोकांच्या अपेक्षा मात्र माझ्याकडूनच. आत्या मला जेवायला बोलवायची ती फक्त माळ्यावरचे डबे काढायचे असले की. वडील शिंपी, त्यांच्या मते मी म्हणजे कापडाची नासाडी. कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत उभा होतो तेव्हाच क्रीडा विभागाच्या शिपायाने माझा दंड धरला, आणि दुपारपर्यंत मी बास्केटबॉलच्या संघात होतो. मला खेळता येतं का, हे कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं.

पहिली दोन वर्षं मी नुसत्या उंचीवर काढली. नेम चुकला की बॉल रिंगवर आपटून परत येतो. तो पकडणं म्हणजे रिबाउंड, आणि उंच माणसाचं ते मुख्य काम. माझ्या बाबतीत बॉल डोक्यावरून जायचा, बगलेतून जायचा, एकदा तर नाकावर आपटून थेट समोरच्याच्या हातात गेला. बचावात त्याहून आनंद. कोणी बॉल टाकण्याचं नुसतं नाटक केलं तरी मी उडी मारायचो, आणि मी हवेत असताना तो पठ्ठ्या बाजूने जाऊन आरामात गुण करून यायचा. मुलं मला शिडी म्हणायची. शिडीचा निदान उपयोग तरी होतो.

तिसऱ्या वर्षी नव्या कोच आल्या. उंची पाच फूट एक इंच, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की हॉलच्या दाराशी पेंगणारा रखवालदारही ताठ बसायचा. प्राचार्यांनी त्यांना एका वर्षाच्या करारावर घेतलं होतं आणि अट आम्हा सगळ्यांसमोरच सांगितली होती. संघ उपांत्य फेरीत पोचला तर करार वाढेल, नाही पोचला तर रामराम. मॅडमनी मान डोलावली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या जागी मी असतो तर त्याच संध्याकाळी दुसरी नोकरी शोधली असती.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बचावासाठी उभं केलं आणि समोर येऊन हातातली पाण्याची बाटली डोक्यावर नेली. मी उडी मारली. बाटलीवर. मुलं हसून हसून जमिनीवर बसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हॉलच्या दोन खांबांना माझ्या छातीच्या उंचीवर दोरी बांधली आणि महिनाभर मला तिच्याखालून, गुडघे वाकवून, हात वर धरून, इकडून तिकडे सरकायला लावलं. मांड्यांची अशी वाट लागली की घरी मी जिना बसून उतरायचो. आईने परस्पर डॉक्टरांना विचारून ठेवलं की इतक्या लहान वयात संधिवात होतो का.

मग रिबाउंडची पाळी आली. मला वाटलं, आता तरी उड्या मारायला मिळतील. तसं काही नव्हतं.

"बॉल विसर," मॅडम म्हणाल्या. "शॉट गेला की आधी तुझा माणूस शोध. त्याला पाठ लाव, बूड खाली घाल आणि मागे रेट. बॉलला हात लावायचा नाही."

सराव असा. त्या मुद्दाम नेम चुकवायच्या. बॉल जमिनीवर पडून तीन टप्पे खाईपर्यंत माझ्या पाठीमागच्याने तो मिळवता कामा नये. तिसऱ्या टप्प्याला शिट्टी, म्हणजे मी जिंकलो. मोहात पडून मी बॉल पकडला तर हॉलला पाच फेऱ्या. पहिल्या आठवड्यात मी इतका पळालो की रखवालदार माझ्यासाठी घरून सरबत आणायला लागला. पण दोन महिन्यांनी गंमत झाली. बॉल वर गेला की माझी मान वर जाईनाशी झाली. पाठ आपोआप वळायची, माणूस सापडायचा, आणि एकदा सापडला की तो हलायचा नाही. मी मनात एक, दोन, तीन मोजायचो आणि शिट्टीची वाट बघायचो.

मॅडमनी माझ्या उंचीचा विषय कधी काढला नाही. वर कसं वाटतं, हवा कशी आहे, असले विनोद केले नाहीत. चुकलो की ओरडायच्या, बरोबर केलं की पुढचं सांगायच्या. मला त्या जायला नको होत्या. हे मी कोणाला बोललो नाही, पण सरावाला अर्धा तास आधी यायला लागलो होतो.

हात कसे वापरायचे ते त्या शेवटच्या महिन्यात शिकवणार होत्या. तो महिना आलाच नाही, कारण स्पर्धा महिनाभर अलीकडे ओढली गेली. मग मॅडमनी तोडगा काढला. मी माझा माणूस अडवायचा आणि बॉल गोटीने उचलायचा. गोटी म्हणजे आमचा सगळ्यात बुटका आणि सगळ्यात चपळ खेळाडू. या जोडकामावर आम्ही दोन सामने जिंकलो. तिसरा जिंकला की उपांत्य फेरी आणि मॅडमची नोकरी, दोन्ही पक्कं.

त्या सामन्यात माझ्या वाट्याला एक दाढीवाला आला होता, खांद्याने दार मोडेल असा. तो दर सामन्याला चौदा-पंधरा रिबाउंड घ्यायचा म्हणे. माझ्यासमोर त्याला एकही मिळाला नाही. तो मला ढकलत होता, कोपरं मारत होता, माझ्या घराण्याबद्दल नवी माहिती देत होता. मी आपला बूड खाली घालून उभा. शेवटची आठ सेकंद राहिली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांनी शॉट मारला. चुकला.

मी वळलो, दाढीवाला सापडला, पाठ लागली. इतकं सुंदर मी आयुष्यात कोणाला अडवलं नव्हतं. बॉल रिंगवरून सुटून माझ्या अगदी पुढ्यात पडला. गोटी घसरून आडवा झाला होता. बाकीचे तिघे, आता बॉल शिडीचाच, असं धरून हात उंचावत पुढे पळाले होते. मी मोजलं. एक. दोन. तीन. तिसऱ्या टप्प्याला मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. शिट्टी वाजली नाही. त्यांचा एक किरकोळ पोरगा वाकून माझ्या पोटाखालून आला, बॉल उचलला आणि रिंगमध्ये टाकला. मग शिट्टी वाजली. ती सामना संपल्याची होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण बॉल पायाशी पडलेला असताना सहा फूट आठ इंचांचा मुलगा नुसता बघत उभा राहतो, हे कोणालाही कळतं. त्यांनी विचारलं, हे असंच शिकवलंय का? रात्रभर घोकलेलं उत्तर मी देऊन टाकलं. मॅडमनी बॉल घ्यायलाच सांगितलं होतं, मी घाबरून थिजलो. प्राचार्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, मग प्रश्नच मिटला, तुला संघातून काढतो आणि मॅडमना आणखी एक वर्ष देऊन बघतो. मला सौदा झकास वाटला.

"सर, हा खोटं बोलतोय," मॅडम म्हणाल्या. "बॉलला हात लावू नकोस, हे मीच तीन महिने त्याच्या डोक्यात भरलं. कधी लावायचा, ते सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

प्राचार्यांनी त्यांना विचारलं, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? मॅडम म्हणाल्या, कळतोय. बाहेर आल्यावर त्यांनी मला असं झापलं की व्हरांड्यातले लोक थबकले. मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत रडत होतो. एवढ्या उंचीवरून रडणं लपत नाही.

त्याच शनिवारी मॅडम कॉलेज सोडून गेल्या. सकाळी हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी नेम चुकवला आणि ओरडल्या, "आता घे." मी बॉल दोन्ही हातांनी घेतला. हनुवटीखाली आण, म्हणाल्या, कोपरं बाहेर काढ, आणि कोणी कितीही ओढला तरी सोडू नकोस. मग त्या स्वतःच बॉलला लोंबकळल्या. पाच फूट एक इंचाची बाई दात-ओठ खाऊन ओढत होती, माझ्या पायावर पाय देत होती, शिव्या घालत होती. मी सोडला नाही. त्यांना धाप लागली तेव्हा त्या थांबल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

"जमलं," त्या म्हणाल्या. "सोड आता, मला निघायचंय."

मी बॉल आणखी घट्ट धरला. वर्षभरात मी मुद्दाम त्यांचं ऐकलं नाही ते तेवढंच.