निशाणी बांगडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची बांगडी आहे. तुम्हाला गंमत वाटेल, पण एके काळी मी सही करत असे.

महाडच्या बाजारात एका तांबटाने मला घडवले. पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतल्या तुळजाबाईंनी मला विकत घेतले. त्यांना अक्षरओळख नव्हती. काही कागद करायचा झाला की त्या मला हातातून काढून कागदावर ठेवत. लिहिणारा माझ्या आतून टाक फिरवी, गोल उमटे, आणि शेजारी तो लिही, 'निशाणी बांगडी'. पुढे सगळी वाडी अंगठा देऊ लागली. तुळजाबाईंमागे मी त्यांच्या सुनेच्या, बयाबाईंच्या हातात आले. त्यांनी मात्र माझीच निशाणी चालू ठेवली. काळा अंगठा घेऊन घरी यायचे म्हणजे चोरी केल्यासारखे वाटते, असे त्या म्हणत.

सन १९७६ मध्ये हैबती नावाच्या लाकूड व्यापाऱ्याने त्यांची रस्त्याकडेची पट्टी लाकडे रचायला वर्षभरासाठी भाड्याने घेतली. भाडेपट्टा त्यानेच वाचून दाखवला. शेजारच्या कोंडाजींनी साक्षीदार म्हणून अंगठा दिला, मी माझा गोल दिला. पावसाळा सरताच हैबती करवती घेऊन आला, तो वरच्या बांधावरचे फणस तोडायला. कागदात तशी ओळ होती. वाचताना त्याने ती गाळली होती. ते फणस तुळजाबाईंनी लावलेले. उन्हाळ्यात निम्मे घर त्या फणसांवरच जेवायचे.

बयाबाईंनी त्याला अडवले आणि दावा महाडच्या कोर्टात गेला. हैबतीच्या वकिलांनी मला मागून घेतले आणि कागदावरच्या गोलावर ठेवले. मी तंतोतंत बसले. बांगडी खरी निघाली, असे लोक कौतुकाने म्हणाले. एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते, आणि समोर बयाबाईंचा चेहरा उतरला होता. हात कुणाचा, एवढेच मी सांगू शकत होते. कानांनी काय ऐकले, ते माझ्या गोलात कुठेच नव्हते.

मग वकिलांनी कोंडाजींना विचारले, वाचता येत नाही, तर साक्ष कसली केलीत?

"आयकण्याची केली, सायेब. ह्यांनी वाचलान, मी आयकलं. त्यात फणसाचं नाव नाय आलं."

इतके दिवस बरे लक्षात राहिले, असे म्हणून वकील हसले.

"आलं असतं तर वयनी तिथंच भांडली असती. तिचं भांडण कोण इसरंल?"

कोर्टात हशा पिकला. पदराआड बयाबाईही हसल्या. ती ओळ वाचून दाखवल्याचे हैबतीला काही सिद्ध करता आले नाही. फणस तोडायला न्यायाधीशांनी मनाई केली.

पुढे वाडीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. बयाबाई पाटीवर नाव गिरवू लागल्या. कागदावर पहिल्यांदा सही करताना मी मध्ये मध्ये येत होते, म्हणून त्यांनी मला कोपराकडे सरकवले. तिथून मी त्यांची अक्षरे पाहिली. थोडी तिरकी होती. त्यानंतर मला कुणी कागदावर ठेवले नाही. आता मी ट्रंकेत असते, हिरवी पडले आहे. कधी कधी शाईचा वास आठवतो.

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, असे मी म्हणणार नाही. पण घरातले कुणी कागद पुढे करून "जरा वाच रे" म्हणाले, तर हातातले काम ठेवा आणि सगळा वाचा, सावकाश. ऐकणाऱ्यासाठी तो कागद म्हणजे फक्त तुमचा आवाज असतो.