डबीतल्या कानयंत्राचं म्हणणं

मित्रांनो, सगुणेच्या उजव्या कानामागे बसणारं, बोटाच्या पेराएवढं ऐकण्याचं यंत्र ते मीच. मला चार वर्षं झाली. त्यांतली तीन मी डबीत काढली, आणि तो राग अजून गेलेला नाही.

रत्नागिरीच्या दवाखान्यात मला लावलं, तेव्हाच तिथल्या कान तपासणाऱ्या बाईंनी तिच्या नवऱ्याला, रावजीला बजावलं होतं, "नुसतं यंत्र लावून भागत नाही. हरवलेले शब्द कानाला पुन्हा शिकवावे लागतात. रोज अर्धा तास तुम्हीच तिच्याशी बोला. घरचा आवाज लवकर उमजतो."

रावजीने मान डोलावली आणि मला डबीत घालून कपाटात ठेवलं. महागाची वस्तू रोज का झिजवायची? मी बाहेर निघायचो ते लग्नाला, नाहीतर शिमग्याला. बेंजो-ढोलांच्या दणक्यात सगुणा कळवळून मला उपटायची, आणि हा सांगत सुटायचा, "यंत्रच खोटा!" यंत्र खोटं, की बुद्धी?

वाडीत सगुणेसारखी फणसपोळी कुणाला जमत नव्हती. पण बचत गटाच्या बायका शिकवायला बोलवायला आल्या, की रावजीच त्यांना परस्पर परत पाठवी. ती लांबून नुसते हलणारे ओठ बघे.

यंदा तपासणीत बाईंनी माझं कोरं अंग पाहिलं आणि रावजीला चांगलंच झाडलं. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या पाठीमागे बसून एकेक शब्द म्हणू लागला; तिने तो नुसता ऐकून ओळखायचा. ओठ दिसू द्यायचे नाहीत, अशी ताकीद होती.

"बांगडाऽऽ!" तो खेकसला.

"ओरडू नका. कान फुटंल."

"मग कसा बोलू?"

"लगीन झाला तवा बोलायचात तसे."

तिला कमी ऐकू येऊ लागल्यापासून दहा वर्षं तो तिच्यावर ओरडतच होता. साधं बोलणं सापडायला त्याला आठ दिवस लागले. मग सगुणेला एकेक शब्द ओळखू येऊ लागला, पुढे वाक्यं.

एका दुपारी गटाची कमळा आली आणि रावजीला विचारू लागली. सगुणा पाठमोरी बसून फणसाचे गरे काढत होती.

"वहिनी येतील काय ओ शिकवायला?"

"बहिरीला कसला विचारतंस गो? नाय येणार."

सुरी थांबली. सगुणा वळलीसुद्धा नाही.

"उद्या सकाळी येतंय मी. आणि कमळे, यापुढे मना विचार. यांना नको."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कमी ऐकत असेल, तर त्याचं यंत्र डबीतून काढा. त्याच्याशी रोज बोला, साधं बोला. आणि त्याच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं असेल, तर आधी ते मिटा.