मिक्सर जिवंत राहिला पाहिजे

भोंग्याला भोंगा हे नाव त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने ठेवलं, तो पाळण्यात गळा काढायचा तेव्हा. पुढे तो साउंडच्या धंद्यात पडला, तर ताई म्हणाली, "बघा, मला आधीच कळलं होतं." ताईला सगळंच आधी कळतं. निदान तिचं म्हणणं तसं असतं आणि तिच्याशी वाद घालायची छाती घरात कोणाची नाही.

ही ताई म्हणजे रंगमंचावरची बडी असामी. सगळा प्रयोग एकटीने करते, पंधरा माणसांची सोंगं एकटीच आणते आणि थिएटरभर माणसं गपगार बसून ऐकतात. तिचा नवरा, म्हणजे दाजी, तारखा ठरवतो आणि तिकिटं खपवतो. आवाजाची बाजू भोंग्याकडे. गालाजवळचा तो बारीक माईक, आवाज कमीजास्त करायचा मिक्सर, स्पीकर, सगळा पसारा त्याचा.

मागच्या प्रयोगात घोळ झाला. ऐन रंगात लाइट गेली. जनरेटर लगेच चालू झाला, स्पीकर जागे झाले, पण भोंग्याचा डिजिटल मिक्सर पडला नवाब. एकदा वीज तुटली की शुद्धीवर यायला त्याला बराच वेळ लागतो. तोवर ताई रंगमंचावर नुसती ओठ हलवतेय आणि थिएटरात खसखस पिकलीय. मागून कोणी ओरडलं, "आवाज!" दुसऱ्याने तर रिमोट मागितला.

प्रयोगानंतर ताईने भोंग्याला सर्वांदेखत सोलून काढलं. "पुन्हा एकदा मिक्सर बंद पडला, तर मी दुसरा साउंडवाला आणणार. भाऊबिऊ काही बघणार नाही." दाजी नुसता 'हो' म्हणून थांबला नाही, त्याने दुसरा माणूस हेरूनही ठेवला. भोंग्याला हे फार लागलं. आयुष्यात त्याने बाकी काही धड केलं नव्हतं, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. पण ताईचा श्वाससुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, ते त्याच्याइतकं कोणाला जमत नव्हतं. तेवढंच एक त्याचं होतं, आणि आता तेही जायची वेळ आली होती.

म्हणून यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी वीज पुरवणारा बॅटरीचा डबा, घ्यायचं ठरलं. आता यूपीएस घ्यायला माणसं दुकानात जातात, डब्यावरचं वाचतात, घेऊन येतात. भोंगा मिक्सर, माईकचा रिसीव्हर आणि एक स्पीकर टेम्पोत घालून दुकानात गेला. डब्यावर छापलेल्या अक्षरावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. यूपीएसला मिक्सर जोडायचा, चालू करायचा आणि भिंतीतून वायर खस्सकन ओढायची, ही त्याची परीक्षा. सोबत दाजी होताच, सल्ल्याची पोतडी घेऊन.

पहिल्या यूपीएसने 'टक्' केलं आणि तेवढ्या 'टक्'मध्ये मिक्सर गचकला. "कॉम्प्युटरला चालतो हो," दुकानदार म्हणाला. "मग कॉम्प्युटरला विका," भोंगा म्हणाला. दुसऱ्याने मिक्सर सांभाळला, पण स्पीकर असा घुं घुं करायला लागला की दाजी माशी शोधू लागला. तिसरा डबा उचलताना भोंग्याची कंबर धरली. हा मात्र गुणी निघाला. बाहेर वीज असो नसो, हा मिक्सरला कायम आपल्याच हातचं वाढतो, त्यामुळे मध्ये खंड पडतच नाही. वायर ओढली, मिक्सर ढिम्म. लाइट गेली की हा शिट्ट्या मारायचा खरा, पण ते तोंड बंद करायचं बटणही होतं.

"आता स्पीकरही यालाच जोड," दाजी म्हणाला.

"नाही झेपायचे, दाजी. स्पीकर खादाड असतात."

"अरे, पण लाइट गेल्यावर स्पीकर मुके, मग मिक्सर एकटा जिवंत ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय?"

"जनरेटर आला की स्पीकर क्षणात उठतात. उठायला रडतो तो मिक्सर. तो जिवंत राहिला पाहिजे, बाकी मरू देत."

दाजीला पटेना, म्हणून भोंग्याने स्पीकर जोडून ढोलाचा एकच दणका वाजवला. यूपीएसने किंकाळी फोडली आणि मान टाकली. दुकानदाराने दोघांकडे असं पाहिलं की दाजीने मुकाट्याने पाकीट काढलं.

पुढच्या प्रयोगाला भोंगा नवरदेवासारखा तरातरा फिरत होता. प्रेक्षकांच्या मागे टेबल, टेबलाखाली तो जडशीळ डबा, त्याला जोडलेले मिक्सर आणि रिसीव्हर. मनातून तर त्याला लाइट जावी असंच वाटत होतं. एकदा जाऊ दे म्हणावं, मग दाखवतो सगळ्यांना!

आणि लाइट गेली.

मिट्ट काळोख. स्पीकर गप्प. पण मिक्सरवरचे दिवे ऐटीत चमकत होते आणि भोंग्याला वाटलं, आता उठून नाचावं. शेजारी बसलेला दाजी "जनरेटर! जनरेटर!" करत अंधारात कोणाकोणाच्या पायांवरून बाहेर धावला. भोंग्याने हेडफोन कानाला लावला. स्पीकर मेले तरी ताईचा माईक चालूच होता, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

ताई कुजबुजत होती. "आई गं. काय होतं पुढे? दारात उभी... दारात उभी राहून काय म्हणते ती? गेलं. सगळं पुसलं गेलं." मग श्वास. "देवा, इतक्यात लाइट नको रे. त्या जनरेटरवाल्याचा पाय मोडू दे. मागच्या वेळी मिक्सर बंद पडला म्हणून नुसते ओठ हलवून निभावलं. आता काय करू?"

ही ताई? जिला शाळेच्या पुस्तकातले धडे उलटे पाठ यायचे, ती? म्हणजे मागच्या वेळी बोंब नुसत्या आवाजाची नव्हतीच, आणि हिने खापर माझ्या डोक्यावर फोडलं! त्याला असा संताप आला की क्षणभर वाटलं, येऊ दे लाइट, होऊ दे हिची शोभा.

आणि देवाने काही तिचं ऐकलं नाही. जनरेटर धडधडला, दिवे लागले, स्पीकर उठले. भोंग्याची निवड शंभर नंबरी ठरली होती, आवाज अगदी स्वच्छ. इतका स्वच्छ की ताईचा धापा टाकणारा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. शब्द मात्र एकही नाही. दाजी घामाघूम होऊन परत आला आणि कौतुकाने म्हणाला, "अरे वा, चालू आहे की!" माणसं वाट पाहत होती. ताईने प्रेक्षकांच्या डोक्यांवरून नेमकं भोंग्याकडे पाहिलं. तसे भेदरलेले डोळे त्याने तिच्या तोंडावर जन्मात पाहिले नव्हते.

माईक नुसता बंद करून भागणार नव्हतं. तिला कळायला हवं होतं की आवाज मेलाय. भोंगा टेबलाखाली वाकला आणि त्याने यूपीएसचं बटण दाबलं.

स्पीकरमधून 'धडाम्' असा आवाज आला की पुढची रांग उडालीच. मिक्सर काळाठिक्कर. "आवाज!" मागून आरोळी आली. दाजीने कपाळावर हात मारला. आणि ताईचे खांदे खाली आले. ती कमरेवर हात ठेवून, माईकशिवाय, खड्या आवाजात म्हणाली, "मंडळी, तो मागे बसलाय ना, तो माझा सख्खा भाऊ. दुकानातून आणला असता तर कधीच परत केला असता!" थिएटर हसून फुटलं. ती पाणी प्यायला विंगेत गेली, तिथे संहितेत डोकं घातलं आणि भोंग्याने पुन्हा चालू केलेला मिक्सर शुद्धीवर आला तशी परतली. पुढचा प्रयोग असा रंगला की माणसं टाळ्या वाजवायची थांबेनात.

मेकअपच्या खोलीत दाजीने तोंड सोडलं. "झालं! एवढा जड धोंडा आणला आणि तोही बसला! आता काही ऐकायचं नाही, मी त्या दुसऱ्याला फोन करतोय."

"तुम्ही जरा बाहेर जा," ताई म्हणाली. तो गेल्यावर तिने दार लावलं. "अंधारात मिक्सर चालू होता?"

भोंगा खाली पडलेली वायर गुंडाळू लागला.

"हेडफोन होता कानाला?"

"होता."

ताई खुर्चीत बसली. "किती ऐकलंस?"

"सगळं. जनरेटरवाल्याच्या पायासकट."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बरेच दिवस होतंय रे असं. मध्येच सगळं कोरं. ह्यांना सांगितलं तर प्रयोगच बंद करतील."

"आणि मला घरादारासमोर सोललंस."

"सोललं."

"नालायक आहेस, ताई."

"आहेच."

भोंग्याला अजून राग येत होता आणि तिचा हातही धरावासा वाटत होता, पण त्यांच्या घरात हात धरायची सवय कोणालाच नव्हती. तो वायर गुंडाळत म्हणाला, "त्या दुसऱ्याला आण. मी विंगेत बसतो, संहिता घेऊन. तुझ्या कानात बारीकसा रिसीव्हर बसवतो, केसांखाली दिसणारसुद्धा नाही. अडलीस की मी सांगेन."

"ते मिक्सरवर बसूनच कर ना."

"दोन्ही एकदम नाही जमायचं. नजर एकतर मिक्सरवर राहील नाहीतर पानावर."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "माझा आवाज दुसऱ्याने लावलेला बघवेल तुला?"

"नाही," भोंगा म्हणाला. "पण तू गप्प उभी होतीस, ते त्याहून बघवलं नाही."

ताईने तोंड आरशाकडे फिरवलं आणि दार उघडायची खूण केली. दाजी दाराला पाठ टेकूनच उभा असणार, कारण धडपडतच आत आला. "अहो," ती तशीच पाठमोरी म्हणाली, "त्या दुसऱ्याला फोन करा. मिक्सर आता त्याच्याकडे. हा विंगेत पडेल ते काम करेल."

"चला, एकदाचा निकाल लागला!" दाजीला मनापासून बरं वाटलं. मग ताईचे खांदे हलताना त्याला दिसले आणि तो वरमला. सख्ख्या भावाला काढायचं म्हणजे जिवावर येणारच बायकोच्या, असं त्याला वाटलं. त्याने भोंग्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस रे. सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही."

"खरंय, दाजी," भोंगा म्हणाला, आणि त्याने टेबलावरची संहिता उचलून काखेत मारली.