मापाचा ओटा

मेलेल्या गेराला घराण्याच्या गुहेत ठेवून घरची माणसं परतली, त्या दिवसापासून घराचं दार रोज थोडंथोडं लहान होत होतं. आधी वाकून जावं लागायचं, मग गुडघ्यांवर, आणि जवाची कापणी येईतो सगळे सरपटत आतबाहेर करू लागले. कुणी त्याचा बाऊ केला नाही. यहूदाच्या डोंगरातली माणसं ती. दारापुढे धोंड पडली तरी तिच्यावर धान्य वाळत घालतील.

चूक गेराच्या मुलाची, शेमेरची होती. बापाच्या उशाशी ठेवायचा दिवा तो परत घरी घेऊन आला. मेलेल्यापाशी ताटली, तेलाची कुपी आणि दिवा ठेवून मोकळ्या हातांनी परतायचं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण शेमेर रडत होता, आणि आपल्या हातात काय आहे याचं त्याला भानच नव्हतं. त्याने दिवा कोनाड्यात ठेवला. दिवा तेलाशिवाय जळत राहिला. पेटता दिवा फुंकून घराण्याचा निर्वंश कोण ओढवून घेणार? कुणी त्याला हात लावला नाही. शेवटी शेमेर तो घेऊन गुहेकडे गेला आणि तसाच माघारी आला.

"तिथे चूल पेटलीय," तो म्हणाला. "दारात शेळ्या बांधल्यात. मी हाक मारली तर आतून म्हणाले, आमच्याकडे उजेड आहे."

"मग प्रश्नच मिटला," त्याची आई महला म्हणाली आणि मसूर निवडू लागली.

इकडे घराच्या भिंती खडकाच्या झाल्या. मागच्या भिंतीलगत एक ओटा वर आला, सरळ आणि गुळगुळीत. शेमेरची बायको अटारा त्यावर कणीक मळू लागली. इतका चांगला ओटा तिला जन्मात मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर ती खूश होती. ओट्याच्या एका टोकाला अर्धचंद्रासारखी खोलगट जागा होती. तिच्यात परात बसत नव्हती, घागरही बसत नव्हती. एके दुपारी जरा पाठ टेकावी म्हणून अटारा ओट्यावर आडवी झाली. तिचं डोकं त्या खोलगट जागेत बरोब्बर बसलं आणि टाचा दुसऱ्या कडेला लागल्या. ती ताडकन उठली. त्यानंतर ती कणीक जमिनीवरच मळू लागली.

महलाने ते पाहिलं होतं. सून पाण्याच्या घागरीकडे वळल्यावर ती स्वतः ओट्यावर निजून पाहू लागली. या कुशीवर झालं, त्या कुशीवर झालं, पण मान अवघडायची ती अवघडलीच.

"नाही बसत गं," ती उठता उठता म्हणाली. "इतकी वर्षं या घरात खस्ता खाल्ल्या मी, आणि माप घेतलं ते तुझं."

"सासूबाई, मला नको आहे ते."

"नको म्हणून चालतंय होय? बाईची जागा सासरच्या गुहेत. माहेरी काय, पाहुणी म्हणून जायचं आणि यायचं."

ओट्याखाली एक खड्डाही पडला होता. गुहेत असतो तसाच. मेलेला माणूस आधी ओट्यावर निजवतात. मांस झडून गेलं की त्याची हाडं गोळा करून खालच्या खड्ड्यात, आज्यापणज्यांच्या हाडांत मिसळून टाकतात, आणि ओटा पुढच्यासाठी मोकळा होतो. पूर्वजांना मिळणं म्हणतात ते हेच. या खड्ड्यातून दिवसभर कुजबुज येई. गेराचा खोकला तिच्यात पहिले काही दिवस ओळखू यायचा, नंतर तोही येईना.

कापणीच्याच दिवसांत, ऊन डोक्यावर असताना, दारातून एक घामेजलेला चेहरा आत आला. तो अटाराचा धाकटा भाऊ अज्जान होता, टेकडीपलीकडून पळत आलेला.

"ताई, आई गेली."

अटाराने गळ्यापाशी दोन्ही हातांनी धरून अंगरखा टरकन फाडला. कापणी झाली की जाऊ, दार जरा मोठं झालं की जाऊ, असं म्हणत तिने आईची भेट लांबवली होती. आता त्याचं तिला फार वाईट वाटलं.

"दिवस मावळायच्या आत ठेवायचंय," अज्जान म्हणाला. "रडणाऱ्या बायका जमल्यात. पण पहिली हाक लेकीची. तू नाव घेऊन हाक दिल्याशिवाय त्या तोंड उघडायच्या नाहीत. आणि तशीच मुकी पाठवली, तर खाली आईला कोण ओळखणार गं?"

"आलेच," अटारा म्हणाली.

तिचं डोकं दारातून गेलं, खांदे अडकले. एका कुशीवर होऊन खांदे काढले, तर कंबर अडकली. अज्जानने बाहेरून हात धरून ओढलं, तेव्हा ती कळवळून ओरडली आणि पुन्हा आत सरकली. तेवढ्यात शेमेर पाण्याची घागर घेऊन आत आला, घागर ठेवून बाहेर गेला. घागर दारापेक्षा मोठी होती.

"अहो, तुम्ही कसे जाता?" अटाराने विचारलं.

"जसा रोज जातो तसा," तो बाहेरून म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता, कारण बायको त्याला आवडत होती.

"आमचं माप नाही घेतलेलं," महला म्हणाली. "दार आम्हाला कशाला अडवेल?"

अज्जानने वळून सूर्याकडे पाहिलं. "ताई, मला जायला हवं. गुहेच्या तोंडाला दगड लावायला माझ्याशिवाय कोणी नाही. तुझी हाक ऐकेपर्यंत मी थांबवून धरतो, पण उन्हाला काही मी थांबवू शकत नाही."

त्याची पावलं दूर गेली. अटारा ओट्यापाशी आली, पालथी पडली आणि खड्ड्यात तोंड घालून तिने हाक मारली.

"मामंजी!"

कुजबुज थांबली.

"आई गेली माझी. मला सोडा. तिच्या नावाने रडते आणि परत येते."

"आम्ही कुठे धरलंय?" खालून आवाज आला. गेरा त्यात असेलही, पण एकटा नव्हता.

"दार सोडत नाही."

"दार वरचं. त्यातलं आम्हाला काही कळत नाही. खालून जा की. खाली सगळ्यांचं एकच आहे. तुझ्या माहेरची माणसं इथून हाकेवर आहेत."

"आणि परत कसं यायचं?"

"परत?" खालचे म्हणाले, आणि तो शब्द ते आपापसांत एकमेकांना विचारत राहिले.

अटाराने खड्ड्यात पाय सोडले. महलाने तिचा पदर घट्ट धरला. "सूनबाई, जाऊ नकोस. ओटा रिकामा राहिला तर तो दुसऱ्या कुणाचं माप घेईल." ती दाराकडे, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहत होती. अटाराला तिची दया आली, शेमेरचीही आली. पण त्या घडीला तिला आईशिवाय काही दिसत नव्हतं. तिने पदर सोडवून घेतला आणि ती खाली उतरली.

खाली हाडं होती, आणि ती समजूतदार होती. विहिरीवरच्या बायका घाईतल्या बाईला वाट देतात, तशी ती बाजूला सरत होती. अंधारात बोटं तिचा चेहरा चाचपायची. "आमची नव्हे," असं म्हणून पुढे ढकलायची. होता होता एका हाताने तिची हनुवटी धरली, बराच वेळ धरून ठेवली, आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, "ही आपली." अटाराने डोक्यावर हात नेले. वर दगडाची कड लागली. ती धरून तिने स्वतःला वर ओढलं.

ती माहेरच्या गुहेत होती. ओट्यावर कापडात गुंडाळलेली तिची आई, सेरह, निजली होती. उशाशी नवा दिवा, कुपी, ताटली, सगळं जिथल्या तिथे. समोर गुहेचं दार उघडं होतं. ठेंगणं, पण चांगलं ऐसपैस. खांदे सहज जातील, हे अटाराने पहिल्या नजरेतच हेरलं आणि तिला अगदी हलकं वाटलं. बाहेर तांबडं ऊन होतं. बायका बसल्या होत्या, आणि अज्जान दगडाला टेकून टेकडीच्या वाटेकडे डोळे लावून उभा होता.

पण आधी हाक. अटाराने छाती पिटली आणि गळा मोकळा केला.

"सेरह गं, माझे आई! पिठाळ हातांची सेरह, पहाटेच्या जात्याची सेरह! अबियाची लेक सेरह निघाली, तिला वाट द्या, तिला नावाने बोलवा!"

बाहेरच्या बायकांनी हाक उचलली. डोंगर दुमदुमला. रडणारी बाई आत असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आवाज टेकडीवरून येतोय, मागून अटारा येईल, असं धरून त्या वाटेकडे पाहतच रडू लागल्या. अज्जानचा बांध फुटला. "ताई आली," तो म्हणाला. "आली माझी ताई." सूर्य डोंगराला लागला होता. त्याने खांदा लावला आणि दगड हलला.

अटाराने ते पाहिलं. तिला थांबता येत नव्हतं. आईचं नाव झालं की आईच्या आईचं, मग तिच्या आईचं, अशी नावं शेवटपर्यंत घ्यायची असतात. मध्ये सोडली तर बाई तिथेच मध्ये राहते. नावं घेत घेत ती दाराकडे निघाली. उजेड निम्मा झाला. तिने भराभर नावं घेतली, श्वास न घेता घेतली. शेवटचं नाव घेतलं तेव्हा उजेडाची पट्टी तिच्या खांद्यांएवढी उरली होती, आणि दगडापलीकडे भाऊ हुंदके देत ढकलत होता. तिने दगडावर हात ठेवला आणि अज्जानला हाक मारायला तोंड उघडलं.

"झालं गं," मागून आई म्हणाली. "ऐकलं मी सगळं."

अटाराने वळून पाहिलं. ओट्यावर शेजारी जागा करून आई भिंतीकडे सरकली होती, आणि तिने अंगावरच्या कापडाची कड एका हाताने वर उचलून धरली होती.