काळी चारचा पियानो

अमेरिकेत, नोव्हायमध्ये वीणाकाकूंच्या समोरच्या घरात राहणाऱ्या मार्जरीला नावं आठवेनाशी झाली, मग गॅस बंद करायचं आठवेनासं झालं, आणि मुलाने तिची असिस्टेड लिव्हिंगमध्ये सोय केली. जाताना तिने आपला पियानो वीणाकाकूंना दिला. काकूंना पियानो येत नव्हता. त्या गाणं शिकवायच्या, आणि मंडळाच्या गणपतीत कोण बेसूर गायलं ते आरती संपल्या संपल्या त्या माणसाच्या तोंडावर सांगायच्या.

पियानो हलवायचं काम त्यांच्या नवऱ्याकडे, चारुदत्तकाकांकडे आलं. काका जन्मभर गाड्यांचं सस्पेन्शन डिझाइन करून रिटायर झाले होते.

"काका, नुसता रस्ता तर क्रॉस करायचाय," गल्लीतला शंतनू म्हणाला. "चौघं मिळून ढकलू यार. चाकं आहेत की त्याला."

"ती चाकं शोभेची. आत बिडाची फ्रेम आहे आणि सगळं वजन मागच्या बाजूला. कलला तर तू खाली."

शंतनूने मागे सरकून पियानोकडे नव्याने पाहिलं.

शेवटी पियानो हलवणारी माणसंच बोलावली. त्यांनी झाकण बंद करून पट्ट्याने आवळलं, जाड ब्लँकेटं गुंडाळली, पियानो उभाच्या उभा चाकांच्या फळीवर चढवला आणि उतरणीवर स्वतः खालच्या बाजूला न थांबता आणून ठेवला. जागा काकांनी ठरवली होती: आतली भिंत, हीटरच्या झोतापासून लांब.

ट्यूनर वॉल्ट म्हणाला, लाकडाला नव्या घराची हवा लागू दे, मग सूर लावू. काही आठवड्यांनी तो आला. काकू शेजारी खुर्ची घेऊन बसल्या.

"गांधार चढा आहे," काकू इंग्रजीत म्हणाल्या. गांधार म्हणजे काय, हेही त्यांनी वॉल्टला गाऊन दाखवलं.

"चढाच ठेवतात," वॉल्ट म्हणाला. "एका पट्टीत चोख लावला तर बाकीच्या पट्ट्या रडतात. म्हणून सगळेच स्वर थोडे थोडे सरकवायचे."

"मी एकाच पट्टीत गाते. काळी चार."

वॉल्टने काकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. पियानो काळी चारमध्ये चोख लागला, आणि काकू महिनाभर खुशीत होत्या.

मग एका रविवारी मार्जरीचा मुलगा तिला घेऊन आला. ती पियानोपाशी बसली आणि चर्चमधलं एक जुनं गाणं वाजवायला लागली. पट्टी अर्थातच काळी चार नव्हती. पहिले दोन सूर बरे गेले, पुढचे भेसूर किंचाळले. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिने हात मांडीवर ठेवले आणि बोटांकडे बघत राहिली.

"मला वाटलं होतं, निदान एवढं तरी राहील," ती म्हणाली.

काकू चहा-चकल्यांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"मार्जरी, तुझे हात बरोबर आहेत," काकू म्हणाल्या. "पियानो मी बिघडवलाय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मार्जरीने जरा विचार केला. "थँक गॉड," ती म्हणाली, आणि तिने चकली घेतली.

वॉल्ट परत आला. त्याने कारण विचारलं नाही. पियानो सगळ्या पट्ट्यांत सारखाच थोडा थोडा चुकीचा होईपर्यंत काकू खाली बेसमेंटमध्ये तानपुरा लावून बसल्या होत्या.

आता मार्जरी दर रविवारी येते. ती वाजवते आणि काकू डोळे मिटून, जबडा आवळून ऐकतात. संपलं की "वा" म्हणतात. पहिल्यांदा ते ऐकून काकांना वाटलं, ठसका लागला.

परवा मार्जरी खरोखरच चुकली, तीही एकाच जागी पुन्हा पुन्हा. काकांनी हळूच काकूंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काकू म्हणाल्या. "गाणं ऐका."