घरातलं मोठं माणूस

बापाने दातांत फडक्याचा बोळा धरला आणि पायावर कढत पाणी ओतलं. आठ दिवसांपूर्वी सरपण फोडताना कुऱ्हाड निसटली होती. दुखणं अंगावर काढायची त्याला सवय होती. पण आता सूज घोट्याच्या वर चढली होती आणि जखमेला वास येत होता.

सहा वर्षांपूर्वी बायको गेली. तिच्या भावांनी मुलीला आपल्याकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा पाच वर्षांच्या पोरीला खांद्यावर घेऊन त्याने डोंगरावरचं हे रान गाठलं. वीज नाही, फोन नाही, शेजार नाही. खाली कोणी भेटलंच तर घराबद्दल ब्र काढायचा नाही, हे त्याने तिच्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं.

ती सकाळपासून दिसली नव्हती. दुपार कलल्यावर आली, ती दाराला धरतच. दमली असेल, असं त्याला वाटलं. तिने गोळ्यांची पाकिटं आणि मलमाची नळी त्याच्यापुढे ठेवली. गावातल्या दवाखान्यात गेली होती म्हणे. माझं नाव काढलंस का, असं त्याने दरडावून विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग कुणाला लागलंय म्हणालीस?"

"मला."

"आणि त्यांनी न बघताच औषध दिलं?"

 तिने पाय मागे घेतला, पण उशीर झाला होता. झग्याखाली पांढरं बँडेज होतं आणि त्यातून ताजा डाग वर आला होता. कोपऱ्यातला विळा कोणीतरी धुऊन ठेवला होता.

 त्याने गोळ्यांचं एक पाकीट हातात फिरवलं.

"नर्सबाई काय म्हणाल्या?"

"टाके बघायला परवा बोलावलंय. घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये म्हणाल्या."

"मग?"

"मी म्हटलं, मोठं कुणी नाही. मीच मोठी."

पाठ केलेलं बिनचूक म्हणून दाखवल्यावर ती बघायची, तशीच आता त्याच्याकडे बघत होती.

बाप उठला. सुजलेला पाय बुटात जाईना, तेव्हा त्याने सुरीने बूटच फाडला. परवा जायचंय, आज नाही, असं ती सांगत राहिली. तिचा हात धरून, दार तसंच उघडं टाकून तो उतरणीला लागला.

सडकेवर आल्यावर ती थांबली.

"बाबा, तू कोण म्हणून सांगू?"